क्लच सुटत नाही तेव्हा

तापी नदी मुलताईपासून निघते, खानदेश ओलांडते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून हजीरा आणि डुमस यांच्या मधून समुद्रास मिळते. जमिनीवरची वाटही जवळजवळ तशीच आहे. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे अशी गावे मागे टाकीत येणारा जो मोठा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई आणि २०१० सालच्या फेरक्रमांकनानंतर ज्यास ५३ हा क्रमांक मिळाला, त्याचे पश्चिमेकडील टोक हजीऱ्यासच आहे. सुरतेतील पुष्कळ मराठी कुटुंबे याच वाटेने इकडे आली व इकडचीच झाली. १९८० च्या दशकापासून हजीऱ्यास खताचे, नैसर्गिक वायूचे, पोलादाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, बंदर झाले, आणि घरातील कर्ती माणसे पाळीच्या वेळा सांभाळून रोज त्या रस्त्याने जाऊ-येऊ लागली. ती बहुतेक मोटारसायकलवरून जातात. इच्छापोर, कवास, मोरा या बाजूस मालमोटारींची आणि लांबलचक ट्रेलरांची अखंड रांग चालू असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या हातात जी एक लहानशी मूठ असते, तिच्याविषयी आज आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत. ती मूठ म्हणजे क्लचची लिव्हर.

हा विषय आम्हांस सुचला तो एका प्रसंगामुळे. आमच्या शेजारी राहणारे एक काका हजीऱ्यास एका कारखान्यात कामाला आहेत. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, गाडी ऐकेनाशी झाली. क्लच दाबून धरला तरी पुढे सरकते. आज तिठ्यावर पुढच्या ट्रेलरला टेकता टेकता राहिलो." त्यांनी गाडी एका गॅरेजात दाखविली होती. तेथे "प्लेटा गेल्या" असा निकाल मिळाला. इंजिनचे झाकण उघडले, नव्या प्लेटा बसविल्या, अर्ध्या महिन्याचा किराणा आला असता इतका पैसा गेला, आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिकच सरकू लागली. "आता काय, सगळे इंजिनच खोलायचे का?" असा त्यांचा प्रश्न होता.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. परंतु वर्गात घर्षण आणि तरफ हे दोन पाठ आम्ही अनेक वर्षे शिकविले आहेत, आणि क्लच म्हणजे या दोन पाठांचीच जोडी होय. त्या आधारावर आम्ही काकांबरोबर त्यांची गाडी तपासली. काय सापडले ते शेवटी सांगू. आधी, विद्यार्थिमित्रहो, हे यंत्र काय करते ते नीट समजून घेऊ.

क्लचचे काम

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनास एक खोड असते. ते एका ठरावीक वेगाखाली फिरू शकत नाही, बंद पडते. चाकास मात्र सिग्नलपाशी, फाटकापाशी, दारापाशी पूर्ण थांबावे लागते. एक सतत फिरणार आणि दुसरे मधूनमधून थांबणार, तेव्हा दोहोंच्या मध्ये हवे तेव्हा जोडणारे आणि हवे तेव्हा सोडणारे काहीतरी असलेच पाहिजे. हेच क्लचचे काम. मूठ मोकळी असते तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात. मूठ दाबली की ते सुटतात.

ही जोडणी दातांनी केलेली नसून केवळ घर्षणाने केलेली असते. बहुतेक लहान मोटारसायकलींत इंजिनच्या उजव्या झाकणाखाली डब्यासारखे एक पात्र असते. मिस्त्री त्यास क्लच हाऊसिंग म्हणतात. ते इंजिनबरोबर फिरते. त्याच्या मधोमध क्लच सेंटर असते. ते गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसविलेले असते. या दोहोंच्या मधल्या जागेत तबकड्यांची, म्हणजे प्लेटांची, चळत असते. एक प्लेट घर्षणाचे अस्तर लावलेली, तिच्या शेजारची साध्या पोलादाची, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची, अशी एकाआड एक रचना. अस्तराच्या प्लेटांना बाहेरच्या बाजूस कान असतात; ते हाऊसिंगच्या उभ्या खाचांत बसतात. पोलादी प्लेटांना आतल्या बाजूस दाते असतात. ते सेंटरवर बसतात. प्रेशर प्लेट नावाची एक जाड तबकडी स्प्रिंगांच्या जोराने ही सारी चळत दाबून धरते. दाबलेली असताना सर्व प्लेटा एकजीव होऊन फिरतात.

याचा प्रयोग घरी करता येतो. दोन वह्या घ्या आणि पत्त्यांचे डाव मिसळावेत तशी त्यांची पाने एकमेकांत एकाआड एक गुंफा. वरून तळहाताने दाबा आणि दोन्ही वह्या कण्याकडून ओढून पाहा. त्या हलत नाहीत. आता हात उचला, पाने थोडी सैल करा आणि पुन्हा ओढा; वह्या सुटतात. तळहात म्हणजे स्प्रिंगा, आणि पाने म्हणजे प्लेटा.

इतक्या प्लेटा कशासाठी, एकच मोठी का नको, असा प्रश्न कोणीही विचारील. घर्षणाचा जोर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतो, तर दाबावर असतो, हे तुम्ही शिकला आहातच. ताटांच्या चळतीवर वजन ठेवले तर ते ताटाताटांत वाटले जात नाही. प्रत्येक ताटावर ते पूर्णच पडते. त्याचप्रमाणे स्प्रिंगांचा दाब प्रत्येक प्लेटवर पूर्ण पडतो. अस्तराच्या पाच प्लेटा असतील तर त्यांच्या दोन्ही बाजू धरून दहा घासणारे पृष्ठभाग झाले, आणि तेवढ्याच स्प्रिंगांनी पकड दहापट मिळाली. म्हणूनच मोटारसायकलीच्या चिंचोळ्या इंजिनात बशीएवढ्या प्लेटांनी काम भागते. तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा क्लच विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री हेले-शॉ या इंग्रज अभियंत्याने पुढे आणला. आजच्या लहान मोटारसायकलींचा क्लच त्याच कुळातील आहे.

परंतु येथेच एक मेख आहे, आणि आजच्या पाठाचे मर्मही हेच आहे. अनेक प्लेटांमुळे धरण्याची शक्ती गुणली जाते. मात्र सुटण्याची जागा भागली जाते. ती कशी, हे हिशेबाने पाहू.

कागदाएवढी फट

आपण मूठ दाबतो तेव्हा लिव्हर क्लचची वायर ओढते. वायरचे दुसरे टोक इंजिनवरील एका आखूड दांडीस जोडलेले असते. ती दांडी फिरते, आतील पुश रॉड किंवा तत्सम भाग सरकतो आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या विरुद्ध उचलली जाते. स्प्रिंगांचा जोर मोठा, बोटांचा जोर लहान. म्हणून वाटेत दोन ठिकाणी तरफ घातलेली असते. तरफेत जोर वाढतो तेवढे अंतर घटते, हा नियम येथेही सुटत नाही.

समजुतीसाठी सोपे आकडे धरू. लिव्हरचे टोक ६० मिलीमीटर हलते असे समजा. त्यांतील पहिले १० मिलीमीटर ढिलाईत जातात. तेवढी ढिलाई मुद्दाम ठेवावीच लागते. उरले ५०. लिव्हरची तरफ पाचास एक असेल तर वायर १० मिलीमीटर ओढली जाईल. इंजिनवरील दांडीची तरफ आठास एक असेल तर प्रेशर प्लेट सव्वा मिलीमीटर उचलली जाईल. ही सव्वा मिलीमीटर जागा दहा पृष्ठभागांत वाटली जाते. प्रत्येक फटीच्या वाट्यास आले ०.१२५ मिलीमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीहून किंचित अधिक!

आता वायर सैल होऊन ढिलाई १० ऐवजी ३० मिलीमीटर झाली असे धरा. उरलेले ३० मिलीमीटर पाचाने भागले की ६, आणि ते आठाने भागले की पाऊण मिलीमीटर. प्रत्येक फटीस आले ०.०७५. बोटांस जाणवणारा फरक दोन सेंटिमीटरांचा. पण आत प्लेटांची पाच हिश्शांतील दोन हिस्से जागा नाहीशी झाली. मग तेलाने माखलेल्या प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, एकमेकींस ओढीत राहतात, आणि मूठ दाबलेली असतानाही गाडी पुढे सरकते.

एवढा हिशेब ज्यास कळला त्यास अर्धा रोग कळला. बाहेर क्षुल्लक दिसणारी झीज आत मोठी ठरते. म्हणून इंजिन उघडण्याआधी बाहेरची वाट पूर्ण तपासली पाहिजे.

दोन उलट रोग

क्लचचे मुख्य विकार दोन, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला सटकण्याचा. मूठ मोकळी असून इंजिन जोराने ओरडते, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर हे विशेष जाणवते. दुसरा न सुटण्याचा. मूठ दाबलेली असून गाडी सरकते, पहिला गिअर टाकताना खडकन आवाज येतो, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, ब्रेक दाबून ठेवला तर इंजिन बंद पडते.

"क्लच खराब झाला" असे दोन्ही वेळा म्हटले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. अस्तर झिजले की प्लेटा पातळ होतात, चळत आखूड होते, दाब कमी पडतो आणि क्लच सटकू लागतो. झिजलेली प्लेट सटकते. झिजल्यामुळे ती चिकटून राहत नाही. उलट प्लेटा झिजत जातात तशी वायरची ढिलाई कमी होत जाते. तेव्हा न सुटणाऱ्या क्लचवर, आणखी काही न पाहता, नव्या प्लेटांचा उपाय सांगणे म्हणजे पोटदुखीवर दात काढण्यासारखे आहे.

क्लच सुटत नाही असे ठरले की गाडीस हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. दोष एकाएकी आला, हळूहळू आला, की दुरुस्तीनंतर आला? एकाएकी आला तर काहीतरी तुटले, निसटले किंवा वाकले असावे. हळूहळू आला तर झीज, गंज किंवा सैलपणा असावा. दुरुस्तीनंतर आला तर जुळणी, समायोजन किंवा तेल यांत चूक असावी. शिवाय इंजिन थंड असतानाच होते की तापल्यावर? थंडपणीच होत असेल तर तेल जाड झाले असेल किंवा प्लेटा एकमेकींस चिकटल्या असतील. तापल्यावर वाढत असेल तर पोलादी प्लेटा वाकल्याचा संशय घ्यावा.

तपासणीचा क्रम

क्रमाचा नियम एकच: हातापासून आत जावे. जोर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने शोध घ्यावा, आणि प्रत्येक पायरी निर्दोष ठरल्यावाचून पुढच्या पायरीस हात लावू नये. हे काम घरातील वडील माणसाबरोबरच करावे, आणि इंजिन बंद असतानाच.

पहिली पायरी लिव्हरची. टोकाशी ढिलाई मोजा. पुष्कळ लहान गाड्यांच्या पुस्तिकेत ती १० ते २० मिलीमीटर सांगितलेली असते; आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. लिव्हरचा खिळा आणि त्याचे भोक झिजले असेल तर लिव्हर वरखाली डुलते आणि तिची काही चाल तेथेच फुकट जाते. लिव्हर पडून वाकली असेल तर ती हँडलच्या मुठीस लवकर टेकते.

दुसरी पायरी वायरची. वायर म्हणजे एकटी तार नव्हे. आत तार आणि बाहेर वेष्टन अशी ती जोडी आहे. तार ओढली जाते, ती वेष्टन दोन्ही टोकांस घट्ट टेकलेले असते म्हणूनच. वेष्टनाच्या टोकाची टोपी फुटली, ते आधारातून निसटले किंवा आतून दबू लागले, तर हाताची चाल तार ओढण्याऐवजी वेष्टन दाबण्यात खर्ची पडते. वरच्या हिशेबात वेष्टन नुसते २ मिलीमीटर दबले तरी प्रेशर प्लेटची पाव मिलीमीटर उचल गेली. म्हणून एकाने मूठ दाबावी आणि दुसऱ्याने वायरच्या दोन्ही टोकांकडे व सर्व वळणांकडे लक्ष ठेवावे. तारेचे पदर तुटलेले दिसले तर ती वायर त्याच दिवशी बदलावी. हजीऱ्यासारख्या ठिकाणी खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी वायरचे खालचे टोक आधी गंजते, कारण पाणी तेथेच जमते.

तिसरी पायरी इंजिनवरील दांडीची. मूठ दाबली असता ती पूर्ण फिरते का? ती सैल आहे काय? कोणी उघडून चुकीच्या दात्यावर बसविली आहे काय? वायर आणि दांडी यांच्यात पुस्तिकेत सांगितलेला कोन नसेल तर चाल असूनही उचल कमी मिळते. काही मोठ्या मोटारसायकलींत वायरऐवजी द्रवाच्या दाबाने काम होते. तेथे द्रवाची पातळी पाहावी आणि नळीत हवा शिरली आहे काय हे तपासावे.

चौथी पायरी तेलाची. तेल ठरल्यापेक्षा जाड, जुने झालेले किंवा प्रमाणाबाहेर भरलेले असेल तर प्लेटा एकमेकींस ओढतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून वेगळ्या करून पाहा, म्हणजे हे उमजेल. ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी 'जासो एमए' असा शिक्का असलेले तेल मिळते. हे जपानी प्रमाण १९९८ पासून चालू आहे. मोटारगाडीचे तेल घालण्याचा मोह टाळावा. त्यातील काही तेलांनी क्लच उलट सटकू लागतो.

तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला आणि दारोदार उभी असलेली वाहने बुडाली. अशा बुडालेल्या गाडीस घाईने किक मारू नये. आधी तेल काढून नवे भरावे आणि मिस्त्रीस दाखवावे. कारण आत पाणी असेल तर पोलादी प्लेटा गंजतात आणि अस्तरास घट्ट चिकटून बसतात.

पाचवी पायरी चिकटलेल्या प्लेटांची. गाडी महिनोन् महिने उभी राहिल्याने प्लेटा चिकटल्या असतील आणि तेल स्वच्छ असेल, तर मोठ्या माणसाने इंजिन न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालवून कोमट करावे व बंद करावे. मग वरचा गिअर टाकून, मूठ पूर्ण दाबून, गाडी मागे-पुढे हलवावी. वरचाच गिअर का? खालच्या गिअरमध्ये चाकाचा पीळ क्लचपर्यंत पोचता पोचता फार कमी होतो. वरच्या गिअरमध्ये तो त्या मानाने अधिक पोचतो. पुष्कळदा एवढ्याने प्लेटा सुटतात. चालू इंजिनाने धक्का देऊन त्या सोडविण्याचा प्रयत्न करू नये. गाडी अवचित उसळते.

या पाच पायऱ्या निर्दोष ठरल्या, तरच सहावी: झाकण उघडणे. हे काम मिस्त्रीचे. पण काय पाहावे हे मालकास ठाऊक असावे. पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून तिच्याखाली मापाची पातळ पट्टी सरकते काय हे पाहतात. वाकण्याची मर्यादा पुष्कळ लहान गाड्यांत ०.२ मिलीमीटरच्या आसपास असते. आपल्या हिशेबात एकूण उचल सव्वा मिलीमीटर. तेव्हा अशा दोन प्लेटा वाकल्या तर एक-तृतीयांश जागा त्यांनीच खाल्ली. हाफ क्लचवर गाडी सतत रेटीत राहिल्याने प्लेटा तापतात आणि वाकतात. रांगेत ती सवय फार वाईट. दुसरे, हाऊसिंगच्या खाचांच्या कडा. अस्तराच्या प्लेटांचे कान वर्षानुवर्षे आपटून तेथे घाव पडतात. कान त्या घावांत अडकतात आणि प्लेटा सरकत नाहीत. तिसरे, स्प्रिंगा सारख्या उंचीच्या आहेत काय आणि त्यांचे बोल्ट सारखे आवळलेले आहेत काय. नाहीतर प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते. चौथे, पुश रॉड वाकला किंवा झिजला आहे काय. आणि नवीन प्लेटा बसवायच्याच असतील तर त्या आधी इंजिनच्या तेलात भिजवाव्यात, व बसविल्यानंतर वायर पुन्हा जुळवावी. हे शेवटचे वाक्य विसरू नका. पुढील हकीकतीत त्याचाच संबंध आहे.

काकांच्या गाडीचे काय झाले

काकांस आम्ही पहिला प्रश्न विचारला: दोष कसा आला? ते म्हणाले, पावसाळाभर हळूहळू आला, आणि प्लेटा बदलल्यावर एकदम वाढला. या उत्तरातच दोन धागे होते. हळूहळू आला, म्हणजे झीज किंवा गंज. दुरुस्तीनंतर वाढला, म्हणजे समायोजन.

लिव्हरच्या टोकाशी ढिलाई मोजली. ती तीन बोटे होती! कारण उघड होते. जुन्या प्लेटा पातळ झालेल्या, नव्या जाड. नव्या प्लेटांनी ढिलाई वाढते, आणि वायर पुन्हा जुळविण्याचे राहून गेले होते. ती जुळविली तेव्हा गाडी जुन्या स्थितीस आली. म्हणजे सरकणे कमी झाले, थांबले नाही. मूळ रोग अजून होताच.

मग काकांनी मूठ दाबली आणि त्यांचा मुलगा कंदील-बॅटरी घेऊन वायरच्या खालच्या टोकाशी बसला. दोन-तीनदा पाहून तो म्हणाला, "बाबा, तार हलते थोडी, पण तिच्याबरोबर बाहेरची नळीही आत जाते." वेष्टनाच्या टोकाची टोपी गंजून चिरली होती. मूठ दाबली की वेष्टन आधारात रुतत होते आणि सोडली की पुन्हा बाहेर येत होते. मोकळ्या डोळ्यांस ते एरवी धडधाकटच दिसे. दुसऱ्या दिवशी नवी वायर आणली, बसविली, पुस्तिकेप्रमाणे ढिलाई ठेवली. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये मूठ दाबून चाक फिरविले, तेव्हा ते हाताने सहज फिरले. काका काही बोलले नाहीत. नुसते चाक दोन-तीनदा फिरवून पाहत राहिले. जुन्या प्लेटा गॅरेजातून परत मागून आणल्या होत्या. त्यांचे अस्तर पुस्तिकेतील मर्यादेच्या आत होते. आणखी कितीतरी दिवस चालले असते.

त्या मिस्त्रीस आम्ही दोष देत नाही. त्याने वाईट हेतूने काही केले असे मानण्यास आधार नाही. चुकला तो क्रम. जे आत आहे तेच महत्त्वाचे, असे वाटून त्याने आधी आत हात घातला.

रस्त्यावर असताना

घरी दुरुस्ती सावकाश करता येते; रस्त्यावर वेळ नसतो. चालता चालता क्लच सुटेनासा झाला तर ॲक्सिलरेटर सोडून द्यावा आणि गाडी पुरती थांबण्यापूर्वीच, ती हलती असताना, न्यूट्रल करण्याचा प्रयत्न करावा. हलत्या गाडीत ते सोपे जाते. न्यूट्रल होत नसेल तर दोन्ही ब्रेक लावून इंजिन बंद करावे. पुढच्या वाहनापासून अंतर राखावे, आणि बाजूस घेऊन तेथूनच तपासणी सुरू करावी. "आज कसेबसे जाऊ, रविवारी पाहू" असे म्हणून अशी गाडी ट्रेलरांच्या रांगेत नेऊ नये. रविवारपर्यंत किती तिठे लागतात ते मोजून पाहावे.

गिअर नसलेल्या स्कूटरांत क्लच आपोआप चालतो, आणि विजेवर चालणाऱ्या बहुतेक दुचाकींस तो लागतच नाही; पुढेमागे ही मूठ कदाचित रस्त्यावरून दिसेनाशीही होईल. तोवर मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील कर्ते माणूस रोज तिच्यावर विसंबून आहे. विद्यार्थिमित्रहो, आज संध्याकाळी पाळीवरून गाडी घरी आली की इंजिन निवू द्या. मग कंपासपेटीतील मोजपट्टी घ्या, लिव्हरच्या टोकाची ढिलाई मोजा, वायरच्या खालच्या टोकाशी वाकून पाहा, आणि काय दिसले ते वडिलांस सांगा. काकांच्या घरी हे काम आता त्यांच्या मुलाकडे आहे. दर रविवारी सकाळी तो ते करतो आणि मोजलेला आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेखाली लिहून ठेवतो.